एका तिकिटासाठी खून? डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांना टपाल तिकिटांचं एवढं वेड का?

न्यूयॉर्कमधलं एक मोठं हॉटेल. तिथे एका तरुण प्रकाशकाचं ऑफिस आहे आणि ऑफिसला लागून वेटिंग रूम. एक अनोळखी माणूस येतो. मध्यमवयीन, साधासा, गर्दीत कुणाच्या लक्षातही राहणार नाही असा. नाव सांगत नाही, काम सांगत नाही, फक्त साहेबांना भेटायचंय म्हणतो. त्याला वेटिंग रूममध्ये बसवतात. काही वेळाने दार उघडायला जावं, तर ऑफिसकडच्या दाराला आतून कडी.

दुसऱ्या बाजूने आत शिरल्यावर दिसतं की तो माणूस मेलाय. कुणीतरी त्याच्या डोक्यात घाव घातलाय. पण खरा धक्का पुढे आहे. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे उलटे घातलेत, म्हणजे पुढची बाजू पाठीवर. खोलीतलं सामान भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. जे जे उलटं करता येईल ते ते उलटं केलंय. भरीस भर म्हणून मृताच्या कपड्यांतून दोन भाले आरपार सरकवलेत.

खून करून पळून जायचं सोडून एवढा उद्योग कोण करेल? आणि कशासाठी?

हा प्रसंग आहे १९३४ साली आलेल्या ‘द चायनीज ऑरेंज मिस्ट्री’ या कादंबरीतला. या प्रकाशकाला, म्हणजे डोनाल्ड कर्कला, एक नाद आहे. तो दुर्मीळ टपाल तिकिटं जमवतो आणि त्यातही खास चीनची. त्यामुळे तपास जसा पुढे जातो तसा तो कपडे आणि सामानावरून तिकिटांच्या अल्बमकडे वळतो.

काळजी करू नका, खुनी कोण ते आम्ही सांगणार नाही. पण एक प्रश्न मात्र सोडवायचाय. हिरे आहेत, सोनं आहे, मृत्युपत्रं आहेत. मग बोटाच्या पेराएवढ्या कागदाच्या तुकड्यात रहस्यकथा लिहिणाऱ्यांना एवढं काय दिसलं?

आधी लेखकाबद्दल, कारण तिथेही एक गंमत आहे

पुस्तकावर लेखकाचं नाव आहे एलरी क्वीन. गोष्टीतल्या डिटेक्टिव्हचं नावही एलरी क्वीनच. पण या नावाचा लेखक कधीच नव्हता. ब्रुकलिनमध्ये जन्मलेले दोन चुलत-मावस नात्यातले भाऊ, फ्रेडरिक डॅनी आणि मॅनफ्रेड ली, हे मिळून या टोपणनावाने लिहायचे. १९२९ साली त्यांची पहिली कादंबरी आली, ‘द रोमन हॅट मिस्ट्री’. त्यानंतर जवळपास चार दशकं हे नाव अमेरिकेत रहस्यकथेसाठी घेतलं जायचं.

त्यांची एक खास सवय होती. सुरुवातीच्या कादंबऱ्यांत शेवटाच्या जरा आधी गोष्ट थांबायची आणि लेखक थेट वाचकाला आव्हान द्यायचे. आतापर्यंतचे सगळे पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता खुनी ओळखून दाखवा. म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यात सरळ सामना. लपवाछपवी नाही.

अशा प्रामाणिक सामन्यासाठी पुरावाही तसाच लागतो. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेला, पण नीट बघितल्याशिवाय न बोलणारा. टपाल तिकीट नेमकं तसं असतं.

चीनच का?

कादंबरीत चीनच्या फूचौ शहराच्या एका दुर्मीळ तिकिटाचा विषय येतो. हे शहर काल्पनिक नाही आणि तिथली तिकिटंही नाहीत.

एकोणिसाव्या शतकात परदेशी व्यापाऱ्यांसाठी खुली झालेली काही बंदरं चीनमध्ये होती. सगळ्या देशाचं एकच टपाल खातं तेव्हा नव्हतं. त्यामुळे या बंदरांतल्या परदेशी वस्त्यांनी आपापली स्थानिक टपाल सेवा सुरू केली. शांघायने १८६५ साली स्वतःची तिकिटं काढली. १८९० च्या दशकात इतर बंदरांनी तोच कित्ता गिरवला आणि १८९५ मध्ये फूचौचीही तिकिटं आली. १८९७ साली चीनचं शाही टपाल खातं सुरू झालं आणि या स्थानिक तिकिटांचा जमाना आटोपला.

म्हणजे थोडी वर्षं, थोडी शहरं, थोडी छपाई. संग्राहकाला याहून जास्त काय हवं?

इथे एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ही कादंबरी आज वाचताना काही ठिकाणी खटकते. चीन म्हणजे सगळं उलटं करणारा देश, असा विचार तिच्यातली पात्रं गमतीने बोलून दाखवतात आणि उलट्या खोलीचा धागा तिकडे जोडायचा प्रयत्न करतात. त्या काळच्या इंग्रजी रहस्यकथांत चिनी माणूस हा गूढ खलनायक म्हणून इतका घासून गुळगुळीत झाला होता की, १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या लेखकाने रहस्यकथांसाठी दहा नियम लिहिले तेव्हा त्यातला एक नियम गोष्टीत चिनी पात्र आणू नये असाच होता. नॉक्सला टोला मारायचा होता तो या घिस्यापिट्या युक्तीला.

बरं, तिकिटात एवढं काय असतं?

आपण तिकिटाकडे चित्र म्हणून बघतो. संग्राहक त्याच्याकडे पुरावा म्हणून बघतो.

कागद कोणता, त्यात वॉटरमार्क आहे का, कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं पडलीत, मागचा गोंद मूळचा आहे की नंतर लावलेला, छपाई सरळ बसलीय की एका बाजूला सरकलीय आणि पोस्टाचा शिक्का कुठला, कोणत्या तारखेचा, या सगळ्याची तो नोंद ठेवतो. भिंग आणि चिमटा हातात घेतलेला संग्राहक आणि भिंग घेतलेला डिटेक्टिव्ह यांच्यात तसा फार फरक नाही. दोघांनाही बारीकशी चूक शोधायची असते.

आणि चूक सापडली की किंमत वाढते. बाकी कुठल्याही वस्तूत दोष निघाला तर दुकानदार पैसे कमी करतो. तिकिटांच्या जगात उलट आहे. उलटं छापलेलं, रंग चुकलेलं, छिद्रं पाडायची राहून गेलेलं तिकीट लाखोंच्या घरात जाऊ शकतं.

याची आपल्याकडची साक्ष म्हणजे १८५४ चं चार आण्यांचं तिकीट. कोलकात्यात छापलेल्या या तिकिटात लाल चौकट आणि निळा राणीचा चेहरा असे दोन रंग होते, म्हणजे कागद दोनदा छापावा लागायचा. काही कागद दुसऱ्या वेळी उलटे गेले आणि व्हिक्टोरिया राणी डोक्यावर उभी राहिली. तिकिटांवर झालेल्या जगातल्या पहिल्या काही मोठ्या चुकांपैकी ही एक. आज ती तिकिटं जगभरात मोजकीच उरलीत.

दुसरा गैरसमज असा की जुनं म्हणजे दुर्मीळ. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट म्हणजे ब्रिटनचं पेनी ब्लॅक. मे १८४० मध्ये ते वापरात आलं. पण ते जवळपास ७ कोटी छापलं गेलं होतं. त्यामुळे त्याचा मान मोठा असला तरी ते तसं सहज मिळतं.

एलरी क्वीनना हे पक्कं माहीत होतं. १९३३ च्या ‘वन-पेनी ब्लॅक’ या लघुकथेत त्यांनी चोरीला गेलेलं तिकीट म्हणून पेनी ब्लॅक घेतलं, पण त्यावर खुद्द व्हिक्टोरिया राणीची सही टाकली. आता ते एकमेव झालं आणि त्याच्यासाठी कुणी गुन्हा करेल हे पटण्यासारखं झालं. या गोष्टीत चोर एकाच पुस्तकाच्या प्रती चोरत सुटतो. का, ते वाचलंत तर कळेल.

गोष्टीपेक्षा भारी: लंडनच्या रद्दीतला घोटाळा

आता कादंबरी बाजूला ठेवू आणि खऱ्या जगात जाऊ. तिकिटांवरून उघडकीला आलेला सगळ्यात भन्नाट गुन्हा लंडनच्या स्टॉक एक्स्चेंजमधल्या पोस्ट ऑफिसात घडला.

साल होतं १८७२. शेअर दलाल दिवसभर तारा पाठवायचे. तारेचे पैसे काउंटरवर द्यायचे. क्लार्क तारेच्या फॉर्मवर एक शिलिंगचं हिरवं तिकीट चिकटवायचा, शिक्का मारायचा आणि फॉर्म ठेवून घ्यायचा. तो फॉर्म ग्राहकाच्या हातात कधी परत यायचाच नाही. पुढे तो नष्ट करायचा, असा नियम होता.

कुणीतरी यात फट शोधली. खोटी तिकिटं छापली, ती फॉर्मवर चिकटवली आणि दलालांनी दिलेले खरे पैसे खिशात घातले. तिकीट बघणारं कुणी नव्हतंच. ते काउंटरच्या आतच जन्मायचं आणि आतच मरायचं.

हे तब्बल २६ वर्षं कुणालाही कळलं नाही. जे फॉर्म नष्ट व्हायला हवे होते त्यातले काही रद्दीत गेले आणि तिथून तिकीट विक्रेत्यांकडे पोचले. १८९८ साली चार्ल्स निसेन नावाच्या विक्रेत्याच्या नजरेला काहीतरी खटकलं. तिकिटांत वॉटरमार्क नव्हता. आणि कोपऱ्यातली अक्षरं चुकत होती.

ही अक्षरांची भानगड समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथे आहे. त्या काळी ब्रिटिश तिकिटांच्या कोपऱ्यांत छोटी अक्षरं असायची. अख्ख्या कागदावर २४० तिकिटं, २० आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत १२ तिकिटं. एक अक्षर ओळ सांगायचं, दुसरं अक्षर त्या ओळीतली जागा. सिनेमाच्या तिकिटावर रांग आणि खुर्ची लिहिलेली असते ना, तसंच. आता ओळीत जागा १२ असल्यामुळे जागेचं अक्षर ए ते एल यांच्यातलंच असणार. बनावट तिकिटं करणाऱ्याला हा हिशेबच माहीत नव्हता. त्याने काही तिकिटांवर एलच्या पुढची अक्षरं टाकली. म्हणजे अशी खुर्ची, जी थिएटरमध्ये नाहीच.

गुन्हा सिद्ध झाला. पण गुन्हेगार? तो कधीच सापडला नाही. संशय आतल्याच माणसावर होता, पण तोवर पाव शतक उलटून गेलं होतं. आज हीच बनावट तिकिटं संग्राहक पैसे मोजून विकत घेतात.

चोरायचं सोपं, विकायचं कुणाला?

रहस्यकथेत तिकीट चोराला आवडतं कारण ते पाकिटात मावतं, पुस्तकाच्या पानात लपतं आणि वजन काहीच नसतं. पण प्रत्यक्षात चोराची खरी पंचाईत चोरीनंतर सुरू होते.

१९१८ मध्ये अमेरिकेने विमान टपालासाठी २४ सेंटचं तिकीट काढलं. त्यावर लाल चौकटीत निळं ‘जेनी’ विमान होतं. पुन्हा दोन रंग, पुन्हा दोनदा छपाई आणि पुन्हा तोच घोळ. वॉशिंग्टनमध्ये विल्यम रोबी हा संग्राहक पोस्टात गेला, १०० तिकिटांचा अख्खा कागद २४ डॉलरला घेतला आणि बघतो तर प्रत्येक विमान उलटं. काही दिवसांतच त्याने तो कागद १५,००० डॉलरला विकला. घेणाऱ्या यूजीन क्लाइन या विक्रेत्याने तो लगेच कर्नल एडवर्ड ग्रीनला २०,००० डॉलरला दिला.

पुढे हा कागद फोडून तिकिटं वेगळी केली गेली. पण त्याआधी एक साधं काम झालं होतं. प्रत्येक तिकिटाच्या मागे पेन्सिलीने त्याचा क्रमांक लिहिला गेला, १ ते १००. त्यामुळे कुठलं तिकीट कुणाकडे गेलं याचा माग ठेवता येऊ लागला.

त्यातली चार जोडलेली तिकिटं एथेल मॅकॉय या संग्राहक बाईंकडे होती. १९५५ साली व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात तिकीट संग्राहकांचं संमेलन भरलं होतं. तिथल्या प्रदर्शनात त्यांनी ती मांडली आणि तिथूनच ती चोरीला गेली. आजूबाजूला सगळे जाणकारच होते. पण कुणाला काही दिसलं नाही.

चोराने चारही तिकिटं सुटी केली. ओळख पुसण्यासाठी त्यांच्यात फेरफारही झाले. तरीही उपयोग झाला नाही, कारण उलट्या जेनीची जगात फक्त १०० तिकिटं आहेत आणि प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला आहे. क्रमांक खोडला तरी विमान चौकटीत नेमकं कुठे बसलंय, कडा कशी कापलीय, यावरून तज्ज्ञ जुन्या फोटोंशी ताडून बघू शकतात. तिकीट बाजारात आलं की पकडलं जाणार. आणि बाजारात आणलं नाही तर त्याचा उपयोग काय?

एक तिकीट १९७७ मध्ये परत मिळालं. १९७९ साली मॅकॉय यांनी चोरीला गेलेल्या तिकिटांवरचा आपला हक्क अमेरिकेतल्या टपाल तिकीट संशोधन ग्रंथालयाला देऊन टाकला. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. चारपैकी एकच तिकीट परत आलेलं त्यांना बघता आलं. दुसरं त्यांच्यानंतर, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळालं.

तिसरं मिळायला २०१६ साल उजाडलं. उत्तर आयर्लंडमधल्या एका तरुणाने आजोबांकडून आलेलं तिकीट लिलावासाठी पाठवलं. ते चोरीचं आहे याची त्याला कल्पनाच नव्हती. तपासणीत ओळख पटली, तिकीट ग्रंथालयाकडे गेलं आणि त्या तरुणाला ५०,००० डॉलरचं बक्षीस मिळालं.

चौथं, म्हणजे ६६ क्रमांकाचं तिकीट अजून बेपत्ता आहे. १९५५ मध्ये ते नेमकं कुणी उचललं, हेही आजवर सिद्ध झालेलं नाही.

एलरी क्वीनच्या कादंबरीत शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून उत्तर सांगितलं जातं. इथे ती खोली आलीच नाही.

आणि हो, तिकिटाच्या मालकानेच खून केल्याचंही उदाहरण आहे

ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट जगात एकच उरलंय. १८७३ मध्ये ते बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलाला घरच्या जुन्या कागदांत सापडलं आणि त्याने ते सहा शिलिंगला विकलं. नंतर ते श्रीमंतांच्या हातांतून फिरत राहिलं. अशा एका मालकाने दुसरी प्रत सापडल्यावर ती विकत घेऊन जाळून टाकली, म्हणजे आपलं तिकीट एकमेव राहील, अशी दंतकथा आहे. तिला पुरावा काही नाही, पण रहस्यकथा म्हणून ती अगदी तयार आहे.

दंतकथा नसलेली गोष्ट अशी. १९८० साली हे तिकीट जॉन ड्यू पाँट या अमेरिकी धनाढ्याने घेतलं. १९९६ मध्ये त्याने ऑलिंपिक विजेता कुस्तीगीर डेव्ह शुल्ट्झचा गोळ्या घालून खून केला. त्याचा तिकिटाशी काही संबंध नव्हता. ‘फॉक्सकॅचर’ हा सिनेमा याच प्रकरणावर आहे. मालक तुरुंगात होता आणि जगातलं सगळ्यात महागडं तिकीट तिजोरीत. २०१० मध्ये तो तुरुंगातच मेला आणि २०१४ च्या लिलावात ते तिकीट जवळपास ९५ लाख डॉलरला गेलं.

मग आज हे का वाचायचं?

खरं सांगायचं तर आमच्या पिढीतल्या अनेकांनी तिकीट चिकटवून एकही पत्र पाठवलेलं नाही. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आजही तिकिटं छापली जातात, पण आपल्या रोजच्या जगण्यातून ती जवळपास गेलीत.

तरीही कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचा अल्बम असतो. लग्नाआधीची पत्रं असतात. गिरणीत असताना गावी पाठवलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या असतात. घर आवरताना पहिला फटका याच पेटीला बसतो, कारण त्यात काही आहे असं वाटतच नाही.

प्रत्येक अल्बममध्ये उलटी राणी निघणार नाही. बहुतेक अल्बममधल्या तिकिटांना फारशी किंमत येत नाही, हेही खरं. पण पेटी रद्दीत टाकण्याआधी एवढं करा. जुन्या पाकिटावरचं तिकीट सोलू नका, कारण पाकीट, पत्ता आणि शिक्का यांच्यासकट ते जास्त मोलाचं असू शकतं. त्याला सेलोटेप लावू नका. ओलीपासून लांब ठेवा. काही वेगळं वाटलं तर एकाच विक्रेत्याच्या शब्दावर न जाता दुसऱ्या जाणकारालाही दाखवा. आणि अल्बम घरात कुठून आला हे सांगणारं कुणी असेल तर ते लिहून ठेवा.

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. लंडनचा घोटाळा उघड झाला तो नष्ट न झालेल्या रद्दीमुळे. मॅकॉय बाईंची तिकिटं ओळखता आली कारण कुणीतरी मागे पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला होता. दोन्ही ठिकाणी चोर हुशार होताच, पण कागदाने नोंद सांभाळून ठेवली होती.

‘द चायनीज ऑरेंज मिस्ट्री’ हातात आलीच तर एक सुचवू. लेखकाचं आव्हान येईल तिथे पुस्तक मिटा आणि एक रात्र विचार करा. त्या उलट्या खोलीत खुन्याने सगळं फिरवून ठेवलं ते दाखवायला नाही, तर काहीतरी लपवायला. काय, ते शोधायचं काम तुमचं.